जावास्क्रिप्टमधील स्टेट स्टोअरची जोडणी

स्टेट स्टोअरची जोडणी ही जावास्क्रिप्टमध्ये युजर इंटरफेस तयार करताना वापरली जाणारी एक रचनापद्धती आहे. ॲपमधील बदलती माहिती, म्हणजेच त्या ॲपची स्थिती किंवा स्टेट, एका मध्यवर्ती भांडारात ठेवली जाते. या भांडाराला स्टोअर म्हणतात. पडद्यावरील प्रत्येक घटकाला स्टोअरमधील त्याच्यापुरता भाग पुरवणे, तो भाग बदलल्यास तेवढाच घटक पुन्हा रेखाटणे आणि वापरकर्त्याची कृती स्टोअरपर्यंत पोहोचवणे ही जोडणीची तीन प्रमुख कामे होत. रिॲक्ट-रिडक्स, पिनिया, मॉबएक्स, एनजीआरएक्स आणि झुस्टांड या लायब्रऱ्या हे काम वेगवेगळ्या प्रकारे करतात.

एकच माहिती पडद्यावर अनेक ठिकाणी दिसत असेल, तर ती सर्व ठिकाणी एकाच वेळी सारखी दिसावी, हा या पद्धतीचा मूळ हेतू आहे.

## पार्श्वभूमी

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप या कंपनीत तयार केली. सुरुवातीला तिचा उपयोग अर्जातील चुका तपासणे, चित्र बदलणे अशा लहान कामांपुरता होता. पुढे संपूर्ण ॲप ब्राउझरमध्येच चालू लागली आणि माहिती कुठे साठवावी हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

रिॲक्टसारख्या लायब्ररीत पडदा अनेक घटकांचा मिळून बनतो. हे घटक झाडाच्या फांद्यांप्रमाणे एकाखाली एक जोडलेले असतात आणि माहिती वरच्या घटकाकडून खालच्या घटकाकडे दिली जाते. दूरच्या दोन फांद्यांवरील घटकांना एकच माहिती हवी असल्यास ती त्यांच्या समाईक पूर्वज-घटकात ठेवावी लागते आणि मधल्या प्रत्येक पायरीवरून खाली सरकवावी लागते. मधल्या घटकांचा त्या माहितीशी काही संबंध नसतो. तरीही ते तिचे वाहक बनतात. या प्रकाराला प्रॉप ड्रिलिंग म्हणतात.

हा त्रास टाळण्यासाठी प्रत्येक घटकाने माहितीची स्वतंत्र प्रत ठेवणे हा दुसरा मार्ग आहे. मात्र प्रती वेगवेगळ्या वेळी अद्ययावत होतात आणि एकाच पडद्यावर परस्परविरोधी माहिती दिसू लागते. स्टेट स्टोअर हा या दोन्ही अडचणींवरील उपाय आहे.

## मूलभूत संकल्पना

* स्थिती : एखाद्या क्षणी ॲपला ठाऊक असलेली सर्व बदलती माहिती.
* स्टोअर : स्थिती सांभाळणारी वस्तू. सद्यःस्थिती सांगणे, बदल स्वीकारणे आणि बदल झाल्याचे कळवणे ही तिची कामे असतात.
* ॲक्शन : काय घडले याचे वर्णन करणारी नोंद, उदाहरणार्थ 'नवा दर आला'.
* रिड्यूसर : जुनी स्थिती आणि ॲक्शन घेऊन नवी स्थिती परत देणारे फलन. रिडक्समध्ये हे फलन जुन्या स्थितीला हात लावत नाही.
* सिलेक्टर : संपूर्ण स्थितीतून घटकाला हवा तेवढाच भाग काढून देणारे फलन.
* सबस्क्रिप्शन : 'बदल झाल्यावर कळवा' अशी घटकाने स्टोअरकडे केलेली नोंदणी.

स्टोअर आणि घटक एकमेकांपासून स्वतंत्र असतात. स्टोअरला पडद्याविषयी काहीही माहीत नसते. घटक मात्र जोडणीच्या माध्यमातूनच स्टोअरशी व्यवहार करतो. सिलेक्टर आणि सबस्क्रिप्शन मिळून ही जोडणी तयार होते.

## कार्यपद्धती

रिॲक्ट-रिडक्समधील जोडणीचा क्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो :

1. ॲपच्या सर्वांत वरच्या स्तरावर प्रोव्हायडर नावाचा घटक ठेवला जातो. तो स्टोअरचा संदर्भ खालच्या सर्व घटकांना उपलब्ध करून देतो.
2. जोडलेला घटक प्रथम रेखाटला जाताना सिलेक्टर चालतो आणि हवे ते मूल्य मिळते.
3. घटक पडद्यावर येताच स्टोअरकडे त्याची नोंदणी होते.
4. वापरकर्त्याच्या कृतीमुळे किंवा सर्व्हरकडून आलेल्या माहितीमुळे ॲक्शन पाठवली जाते. या पाठवण्याला डिस्पॅच म्हणतात.
5. रिड्यूसर नवी स्थिती तयार करतो आणि स्टोअर सर्व नोंदणीकृत घटकांना कळवते.
6. प्रत्येक घटकाचा सिलेक्टर पुन्हा चालतो. आधीचे आणि नवे मूल्य एकच असल्यास काहीही होत नाही. वेगळे असल्यास तेवढा घटक पुन्हा रेखाटला जातो.
7. घटक पडद्यावरून जाताना नोंदणी रद्द केली जाते.

सहाव्या पायरीतील तुलना बहुधा संदर्भाची असते. दोन वस्तूंमधील प्रत्येक मूल्य न तपासता त्या स्मृतीतील एकच वस्तू आहेत की नाहीत एवढेच पाहिले जाते. त्यामुळे तुलना अत्यंत वेगाने होते. पण त्यासाठी रिड्यूसरने बदललेल्या भागाची नवी वस्तू तयार करणे आणि न बदललेला भाग जसाच्या तसा ठेवणे आवश्यक असते.

## उदाहरण : वऱ्हाडातील बाजारभाव फलक

पश्चिम विदर्भातील अकोला आणि अमरावती येथे कृषी उत्पन्न बाजार समित्या आहेत. तूर, सोयाबीन, हरभरा आणि कापूस ही या भागातील प्रमुख पिके असून अकोला हे डाळ गिरण्यांसाठीही ओळखले जाते. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ राज्यातील बाजार समित्यांचे दैनंदिन दर प्रसिद्ध करते. त्यात शेतमाल, परिमाण, आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. अशा माहितीवर आधारलेला एक काल्पनिक फलक येथे उदाहरणादाखल घेतला आहे. त्यातील आकडे गृहीत धरलेले आहेत.

| स्थितीतील भाग | तो वाचणारा घटक | बदलाचे निमित्त |
|---|---|---|
| निवडलेला शेतमाल | निवडयादी, दरतक्ता, तुलनापट्टी | वापरकर्त्याची निवड |
| समिती व शेतमालनिहाय दरनोंदी | दरतक्ता, तुलनापट्टी | सर्व्हरकडून आलेली नवी नोंद |
| शेवटच्या अद्यतनाची वेळ | तळपट्टी | प्रत्येक यशस्वी अद्यतन |

### स्टोअर नसताना

दरतक्ता आणि तुलनापट्टी यांनी आपापली माहिती स्वतंत्रपणे मागवली आहे असे समजू. अकोल्यात तुरीचा सर्वसाधारण दर क्विंटलला ७,३०० रुपयांवरून ७,००० रुपयांवर आला आणि अमरावतीत तो ७,१०० रुपये राहिला. दरतक्त्याने नवा दर दाखवला, पण तुलनापट्टीकडे जुनीच प्रत राहिली. आता तक्त्यानुसार अमरावतीत १०० रुपये अधिक मिळतात, तर पट्टीनुसार अकोल्यात २०० रुपये अधिक मिळतात.

मूर्तिजापूर हे गाव अकोला आणि अमरावती यांच्या दरम्यान आहे. तेथील शेतकरी माल कोणत्या दिशेला न्यायचा हे अशा फरकावरून ठरवत असेल, तर गाडीभाडे खर्चून तो कमी दराच्या बाजारात पोहोचेल. अशा वेळी आज्ञावलीतील कोणतेही एक गणित चुकलेले नसते. एकाच दराच्या दोन प्रती असणे हाच दोष असतो.

### स्टोअर असताना

स्टोअरमध्ये अकोल्याच्या तुरीची एकच नोंद असते. नवा दर आल्यावर ॲक्शन पाठवली जाते आणि रिड्यूसर तेवढ्याच नोंदीची नवी वस्तू तयार करतो. दरतक्त्यातील संबंधित ओळ आणि तुलनापट्टी या दोन्ही त्याच नोंदीवरून पुन्हा रेखाटल्या जातात. सोयाबीनच्या किंवा हरभऱ्याच्या ओळींचे संदर्भ तेच राहिल्यामुळे त्या पुन्हा रेखाटण्याची गरज पडत नाही. हंगामात अनेक नोंदी लागोपाठ येत असताना आणि वापरकर्त्याचा फोन साधा असताना ही बचत लक्षणीय ठरते.

### सिलेक्टरची जबाबदारी

दोन बाजारांतील फरक हा मूळ दरांवरून काढता येतो. म्हणून तो स्थितीत साठवला जात नाही, तर सिलेक्टरमध्ये मोजला जातो. साठवल्यास दर बदलताना फरकही बदलण्याचे लक्षात ठेवावे लागते आणि प्रतींचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो.

फरक काढताना पुढील बाबी पाहाव्या लागतात :

* दोन्ही नोंदी एकाच दिवसाच्या आहेत का? एका समितीला सुटी असल्यास आजच्या दराची कालच्या दराशी तुलना होण्याचा धोका असतो.
* नोंद उपलब्ध आहे का? आवक नसल्यास दर शून्य नसतो, तो अस्तित्वातच नसतो. नसलेल्या दराऐवजी शून्य धरल्यास संपूर्ण दुसरा दरच फरक म्हणून दिसतो.
* परिमाण एकच आहे का? कच्च्या कापसाचा दर क्विंटलवर सांगितला जातो, तर रुईच्या व्यापारात सुमारे ३५६ किलोग्रॅमची खंडी रूढ आहे. हे दोन आकडे एकमेकांतून वजा करता येत नाहीत.

### मराठी अंक व नावे

स्थितीत दर संख्या म्हणून ठेवणे आणि मराठी अंकांत त्याचे रूपांतर पडद्यावर दाखवतानाच करणे इष्ट असते. जावास्क्रिप्टमधील इंटल ही अंगभूत सुविधा भारतातील मराठी हे स्थानिकीकरण निवडल्यास देवनागरी अंक आणि लाख-कोटींची मांडणी वापरते. त्यामुळे एक लाख ही संख्या '१,००,०००' अशी दिसते. दर अक्षरमालेच्या रूपात साठवल्यास क्रम लावताना चूक होते, कारण अक्षरक्रमाने '९०००' हे '१००००' नंतर येते. शेतमालाच्या नावांऐवजी स्थिर ओळखक्रमांक वापरल्यास 'तूर' आणि 'तुर' अशा लेखनभेदांमुळे एकाच मालाच्या दोन नोंदी होत नाहीत.

## इतिहास

माहिती आणि तिचे दर्शन वेगळे ठेवण्याची कल्पना जावास्क्रिप्टपेक्षा जुनी आहे. ट्रिग्वे रीन्सकॉग यांनी १९७९ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर ही रचना मांडली. बदलाची सूचना नोंदणीकृत घटकांना देण्याच्या पद्धतीला ऑब्झर्व्हर असे नाव असून 'डिझाइन पॅटर्न्स' या १९९४ सालच्या ग्रंथात तिचा समावेश आहे.

ब्राउझरच्या क्षेत्रात २०१० साली बॅकबोन, नॉकआउट आणि अँग्युलरजेएस ही साधने पुढे आली. बॅकबोनमध्ये मॉडेल बदलल्याची घटना प्रसारित होत असे. नॉकआउट आणि अँग्युलरजेएस यांनी माहिती व पडदा यांच्यातील दुतर्फा बंधन लोकप्रिय केले. मोठ्या ॲपमध्ये मात्र एक बदल दुसऱ्याला आणि दुसरा तिसऱ्याला जन्म देत असे, आणि मूळ कारण शोधणे कठीण जाई.

फेसबुकने २०१३ साली रिॲक्ट ही लायब्ररी खुली केली आणि २०१४ साली फ्लक्स ही एकतर्फी प्रवाहाची रचना जाहीर केली. फ्लक्सची गरज सांगताना फेसबुकने न वाचलेल्या संदेशांच्या आकड्याचे उदाहरण दिले होते : सर्व संदेश वाचल्यानंतरही तो आकडा पडद्यावर पुन्हा दिसत असे, आणि दुरुस्ती केल्यावरही दोष परतत असे.

डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांनी २०१५ साली रिडक्स तयार केले. फ्लक्समधील अनेक स्टोअरऐवजी त्यात एकच स्टोअर असते. रिड्यूसरच्या कल्पनेवर एल्म या भाषेच्या रचनेचा प्रभाव आहे. रिडक्स स्वतः रिॲक्टवर अवलंबून नाही. दोहोंना जोडण्यासाठी रिॲक्ट-रिडक्स ही स्वतंत्र लायब्ररी असून कनेक्ट हे तिचे सुरुवातीचे प्रमुख फलन होते.

२०१९ च्या फेब्रुवारीत रिॲक्टमध्ये हुक्स आले. त्याच वर्षी रिॲक्ट-रिडक्सच्या ७.१ या आवृत्तीत यूजसिलेक्टर आणि यूजडिस्पॅच हे हुक्स देण्यात आले. त्याआधीच्या सहाव्या आवृत्तीत संपूर्ण स्थिती रिॲक्टच्या कॉन्टेक्स्टमधून पाठवण्याचा प्रयोग झाला होता. तो संथ ठरल्याने सातव्या आवृत्तीत थेट सबस्क्रिप्शनची पद्धत परत आणली गेली. २०२२ साली रिॲक्ट १८ मध्ये बाह्य स्टोअरसाठी यूजसिंकएक्स्टर्नलस्टोअर हा अधिकृत हुक आला आणि रिॲक्ट-रिडक्सची आठवी आवृत्ती त्यावर आधारली गेली.

## जोडणीचे प्रकार

आवरण घटक. कनेक्ट हे फलन मूळ घटकाभोवती दुसरा घटक गुंडाळते. स्थितीतील कोणता भाग द्यायचा आणि कोणत्या कृती उपलब्ध करायच्या हे दोन स्वतंत्र फलनांतून सांगितले जाते. मूळ घटकाला स्टोअरची जाणीव नसते. त्यामुळे त्याची चाचणी सोपी होते. माहिती आणणारे आणि केवळ दाखवणारे घटक वेगळे ठेवण्याची शिफारस अब्रामोव्ह यांनी २०१५ साली केली होती. हुक्स आल्यानंतर, २०१९ साली, त्यांनी स्वतःच ती विभागणी नियम म्हणून पाळू नये असे नमूद केले.

हुक्स. घटक स्वतःच सिलेक्टर देऊन मूल्य मिळवतो. लेखन थोडक्यात होते, पण घटक स्टोअरशी अधिक घट्ट बांधला जातो. झुस्टांडमध्ये स्टोअर हेच हुकच्या रूपात मिळते आणि प्रोव्हायडरची गरज नसते.

आपोआप नोंद घेणारी जोडणी. मिशेल वेस्टस्ट्रेट यांच्या मॉबएक्समध्ये घटकाने रेखाटनाच्या वेळी कोणती मूल्ये वाचली याची नोंद आपोआप होते. व्ह्यूची प्रतिक्रियाशील रचनाही याच तत्त्वावर आहे. व्ह्यूसाठी पूर्वी व्ह्यूएक्स वापरले जाई. आता पिनिया हे अधिकृत शिफारस असलेले स्टोअर आहे. विकिपीडिया ज्या मीडियाविकी या प्रणालीवर चालतो तिच्यातही व्ह्यू आणि पिनिया उपलब्ध आहेत.

भाषेच्या पातळीवरील जोडणी. स्वेल्टमध्ये स्टोअरच्या नावाआधी डॉलरचे चिन्ह लावल्यास नोंदणी करणे आणि रद्द करणे ही दोन्ही कामे कंपायलर करतो.

सिग्नल. सॉलिड, प्रिॲक्ट आणि अँग्युलर यांमध्ये एकेका मूल्याचा सिग्नल असतो आणि तो वाचणारा भागच अद्ययावत होतो. जावास्क्रिप्ट भाषेतच सिग्नलचा समावेश करण्याचा प्रस्ताव २०२४ साली टीसी३९ या समितीपुढे आला.

वर्डप्रेसच्या ५.० या आवृत्तीत, डिसेंबर २०१८ मध्ये, आलेला ब्लॉक संपादकही स्टोअरच्या जोडणीवर चालतो. त्याचा माहितीविषयक भाग रिडक्सवर आधारलेला आहे. त्यामुळे वर्डप्रेसवर मराठी लेखन करणारे अनेक जण ही पद्धत नकळत रोज वापरतात.

## सामान्य दोष

* स्थितीत जागीच बदल करणे. जुन्या वस्तूतच नवा दर लिहिल्यास तिचा संदर्भ बदलत नाही आणि पडदा जुनाच राहतो. रिडक्स टूलकिटमध्ये इमर या लायब्ररीच्या साहाय्याने हा दोष टाळला जातो.
* दरवेळी नवी वस्तू देणारा सिलेक्टर. यादी गाळून देणारा सिलेक्टर प्रत्येक वेळी नवी यादी तयार करतो. त्यामुळे संबंध नसलेल्या बदलानेही घटक पुन्हा रेखाटला जातो. रिसिलेक्टसारखी लायब्ररी आधीचे उत्तर लक्षात ठेवून हे टाळते.
* संपूर्ण स्थितीची नोंदणी. घटकाने सगळीच स्थिती मागितल्यास प्रत्येक बदल त्याच्यापर्यंत पोहोचतो.
* नोंदणी रद्द न करणे. पडद्यावरून गेलेले घटक स्मृतीत राहतात आणि ॲप हळूहळू जड होते.
* झोंबी चाइल्ड. एखादी नोंद काढून टाकल्यावर यादीआधी तिच्यातील ओळीला सूचना मिळाली, तर ती ओळ अस्तित्वात नसलेली नोंद शोधू लागते.
* टेअरिंग. रेखाटन टप्प्याटप्प्याने होत असताना मध्येच स्थिती बदलल्यास पडद्याचा एक भाग जुनी आणि दुसरा नवी स्थिती दाखवतो. यूजसिंकएक्स्टर्नलस्टोअरची निर्मिती मुख्यतः यासाठी झाली.
* सर्व्हरवर सामायिक स्टोअर. पान सर्व्हरवर तयार होत असताना सर्व विनंत्यांसाठी एकच स्टोअर वापरल्यास एका वापरकर्त्याची खासगी माहिती दुसऱ्याला दिसू शकते. म्हणून प्रत्येक विनंतीसाठी नवे स्टोअर तयार केले जाते.

## मर्यादा व पर्याय

प्रत्येक माहिती स्टोअरमध्ये ठेवणे योग्य नसते. यादी उघडी आहे की बंद, शोधचौकटीत अर्धवट काय लिहिले आहे, अशी केवळ एका घटकापुरती माहिती त्याच घटकात ठेवणे सोयीचे असते. दुव्याद्वारे इतरांना पाठवता यावी अशी निवड पानाच्या पत्त्यात ठेवता येते. सर्व्हरवरून आणलेल्या माहितीचा ताजेपणा सांभाळण्यासाठी टॅनस्टॅक क्वेरी किंवा आरटीके क्वेरी यांसारखी स्वतंत्र साधने आहेत.

रिॲक्टमधील कॉन्टेक्स्ट हा स्टोअरचा पर्याय मानला जातो. प्रत्यक्षात तो माहिती वाहून नेण्याचा मार्ग आहे. त्यातील मूल्य बदलल्यास ते वाचणारे सर्व घटक पुन्हा रेखाटले जातात, कारण त्यात सिलेक्टरची सोय नसते. भाषा किंवा रंगसंगती अशा क्वचित बदलणाऱ्या माहितीसाठी तो पुरेसा ठरतो.

स्टोअर सर्व घटकांना एकच माहिती पुरवते. ती माहिती खरी असल्याची हमी देत नाही. सर्व्हरकडून चुकीचा किंवा शिळा दर आल्यास तो पडद्यावर सर्वत्र सारखाच चुकीचा दिसेल. म्हणून बाजारभावासारख्या ॲपमध्ये दरासोबत त्याची तारीख आणि शेवटच्या अद्यतनाची वेळ दाखवणे हाही जोडणीच्या रचनेचा आवश्यक भाग ठरतो.

## हे सुद्धा पहा

* जावास्क्रिप्ट
* रिॲक्ट
* मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर
* कृषी उत्पन्न बाजार समिती
* वऱ्हाड